मोरिकोनेचं वेस्टर्न संगीत म्हणजे नुसती शिट्टी आणि चाबूक?

सातारकर (धागाकर्ता)

परवा रानवारा यांनी ‘वेस्टर्नपटांचं खरं संगीत’ या विषयावर लिहिलं, ते दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यांच्या मते एनिओ मोरिकोने या इटालियन संगीतकाराने वेस्टर्नना, म्हणजे काउबॉयच्या सिनेमांना, संगीत दिलंच नाही, चमत्कृती दिल्या. शिट्टी, चाबकाचा फटका, कोल्हेकुई आणि मध्येच किंचाळणारी बाई. पडद्यापासून वेगळं केलं की उरतो मोबाइलचा रिंगटोन. खरं संगीत टिओम्किन, मोरॉस आणि एल्मर बर्नस्टाइन या हॉलिवूडच्या संगीतकारांचं, मोरिकोने मात्र रोममध्ये बसून अमेरिकेची नक्कल करत होता. साफ असहमत.

आधी नक्कल. ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) करताना दिग्दर्शक सर्जिओ लिओनेला शेवटच्या झुंजीसाठी ‘रिओ ब्राव्हो’ या अमेरिकन वेस्टर्नमधली टिओम्किनची ‘देग्वेयो’ ही ट्रम्पेटची धूनच हवी होती. नक्कल करायची असती तर मोरिकोनेला दारात आयती संधी चालून आली होती. त्याने नकार दिला, काम सोडायची तयारी दाखवली. मग काही वर्षांपूर्वी अमेरिकन नाटककार यूजीन ओनीलच्या समुद्रनाट्यांच्या टीव्ही रूपांतरासाठी स्वतःच लिहिलेली एक अंगाई काढली आणि ट्रम्पेटवर अशी नटवली की लिओनेला हवा तो मरणाचा रंग तिला चढला. ती अंगाई आहे हे सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता ‘चमत्कृती’. हा माणूस रोमच्या सांता चेचिलिया संगीत विद्यालयात गॉफ्रेदो पेत्रास्सी या संगीतकाराच्या हाताखाली शिकलेला. १९५८ मध्ये जर्मनीत डार्मश्टाटला जाऊन जॉन केज वगैरे नव्या संगीतकारांचे प्रयोग ऐकून आलेला. पोटासाठी आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या रोममधल्या शाखेत पॉप गाण्यांचं संयोजन करायचा. तिथे १९६० च्या ‘इल बाराटोलो’ या गाण्यात त्याने खरा पत्र्याचा डबा गडगडवला. म्हणजे चाबूक, ऐरण आणि घंटा या गोष्टी लिओने भेटायच्या आधीपासून त्याच्या डोक्यात होत्या. ‘फिस्टफुल’ला पैसे नव्हते, मोठा वाद्यवृंद परवडत नव्हता. त्या अडचणीला तो पुरून उरला, कारण तयारी आधीच झाली होती.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जवळचं आहे. ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’ (१९६५) मधलं खिशातलं घड्याळ. झाकण उघडलं की त्यातली चिमुकली धून वाजते. खलनायक एल इंडिओ समोरच्याला सांगतो, धून संपली की गोळी झाड. ती धून एका मेलेल्या मुलीची आठवण आहे. त्याच्याही मनात तीच आहे आणि त्याच्या मागावर असलेल्या कर्नलच्याही. त्या किणकिणीत हळूहळू ऑर्गन शिरतो, गिटार शिरते, ट्रम्पेट शिरतो, आणि शेवटी धून मंदावत पुन्हा एकटी उरते. कर्नलच्या हातात पिस्तूल नाही आणि सूर संपत आलेत. तेवढ्यात दुसऱ्या घड्याळातून तीच धून पुन्हा सुरू होते. इथे पार्श्वसंगीत कुठे संपतं आणि कथा कुठे सुरू होते ते दाखवा. तिथलं संगीत काढून टाका, प्रसंगच उरत नाही. याला तुम्ही रिंगटोन म्हणता?

रानवारा

माझ्या लिखाणावर स्वतंत्र धागा निघाला, आनंद आहे. पण मुद्दे सोयीने निवडलेत.

नक्कल नाही म्हणता, मग ‘फिस्टफुल’चं शीर्षकसंगीत कुठून आलं तेही सांगा. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीचं ‘पाश्चर्स ऑफ प्लेंटी’ हे गाणं पीटर टेव्हिस या गायकाने इटलीत गायलं होतं आणि त्याचं संयोजन मोरिकोनेचं होतं. लिओनेला ते आवडलं आणि गाणं काढून तोच साज सिनेमाला चढवला. मुळात अमेरिकन लोकगीत, त्याच्या अंगावरचे कपडे उचलले. ही गोष्ट खुद्द मोरिकोनेने सांगितलेली आहे.

घड्याळाबद्दल म्हणाल तर टिओम्किनने ‘हाय नून’मध्ये १९५२ सालीच घड्याळाला संगीतात बसवलं होतं, तुमच्या खिशातल्या घड्याळाच्या १३ वर्षं आधी. दुपारी बाराची गाडी येणार, गावात कुणी मदतीला नाही आणि गाण्याचा ठेका टिकटिकीसारखा पायाखाली चालत राहतो. त्याला संगीत आणि गाणं, दोन्हींसाठी ऑस्कर मिळाली ती उगीच नाही.

खरा प्रश्न वेगळा आहे. जेरोम मोरॉसचं ‘द बिग कंट्री’ (१९५८) सुरू होतं तेव्हा व्हायोलिनं गाडीच्या चाकासारखी गरगरतात आणि त्यावर ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, उघडतं, तेव्हा छाती रुंद होते. माळरान दिसायला लागतं. बर्नस्टाइनचं ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ घ्या. हे पडद्याशिवाय, कुठल्याही सभागृहात उभं राहतं. मी मुंबईत नोकरीला असताना लोकलच्या गर्दीत वॉकमनवर मोरॉस ऐकायचो. डोंबिवली ते व्हीटी. कुणाचं कोपर बरगडीत असायचं आणि कानात हे एवढं मोठं आकाश. ते मला मोरिकोनेने कधी दिलं नाही. तो मला कायम कुणाच्या तरी घामेजलेल्या कपाळाजवळ नेऊन उभा करतो.

लिओनेचे कॅमेरे, ते डोळ्यांचे क्लोजअप वजा करा आणि लिओने सोडून मोरिकोनेचा एक वेस्टर्न सांगा जो ऐकण्यासारखा आहे. एक.

डेक्कन क्वीन

एक सांगते. सर्जिओ कोर्बुच्चीचा ‘द ग्रेट सायलेन्स’ (१९६८). पूर्ण बर्फात घडतो, वाळवंट नाही, शिट्टी नाही, चाबूक नाही. मऊ, थंड, जवळजवळ शोकगीत. रानवारा, ‘शिट्टी आणि चाबूक’ म्हणणाऱ्याने निदान हा ऐकायला हवा होता.

पण मला वेगळंच सांगायचं आहे. लिओनेचाच ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, कॅम्पातल्या एका थिएटरात, वडिलांबरोबर. सुरुवातीचा स्टेशनचा प्रसंग त्या लोकांनी कापला होता! तीन माणसं गाडीची वाट बघतात, पवनचक्की करकरते, टोपीवर पाण्याचे थेंब पडतात, माशी त्रास देते, आणि संगीत नाही. ऑपरेटरला वाटलं असेल, यात काय आहे, लोक कंटाळतील, पुढचा खेळ वेळेवर लागायला हवा. गाडी आली तिथूनच सिनेमा सुरू. आम्हाला पत्ताच नाही. पुढे कैक वर्षांनी डीव्हीडीवर अख्खा पाहिला तेव्हा वडील नव्हते. त्या थिएटरवर माझा राग अजून आहे.

आणि ती शांतता मोरिकोनेचीच आहे. फ्लॉरेन्समध्ये त्याने एक प्रयोग पाहिला होता, एक माणूस शिडीतून नुसते आवाज काढत होता. ते त्याने लिओनेला सांगितलं. ज्या संगीतकाराला कुठे वाजवायचं नाही हे कळतं त्याला चमत्कृतीवाला म्हणू नका.

कोरा कागद

डेक्कन क्वीन, +१. आमच्याकडे सोलापुरात तर इंग्रजी सिनेमातलं मधलं एक रीळच गायब असायचं. गाणी नाहीत मग काय बिघडतं, असा हिशेब.

निशिगंध

‘मध्येच किंचाळणारी बाई’ या शब्दांवर कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहितेय.

त्या बाईंचं नाव एद्दा देल’ओर्सो. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) मध्ये तुको हा दरोडेखोर सोन्यासाठी कबरींमधून धावत सुटतो, तेव्हा तो आवाज त्यांचा. ‘वन्स अपॉन’मध्ये नायिका जिल स्टेशनवर उतरते, न्यायला कुणी आलेलं नाही, ती स्टेशनच्या खोलीत जाते, आणि कॅमेरा छपरावरून वर चढून अख्खं गाव दाखवतो, तेव्हाही त्याच. हे संगीत चित्रीकरणाच्या आधी तयार होतं. लिओने सेटवर ते वाजवून लोकांना चालवायचा, क्रेनसुद्धा त्या सुरांच्या मापाने वर गेली. म्हणजे त्या बाईच्या आवाजावर कॅमेरा नाचला आहे. ही किंचाळी?

मी बारा वर्षं शास्त्रीय शिकले. माझे गुरुजी म्हणायचे, शब्द टेकू असतो, तो काढल्यावर उभी राहतेस का बघ. देल’ओर्सो एकही शब्द न घेता उभ्या राहतात. आकार लावलाय, तो हळूहळू वर नेलाय आणि वरच्या सुरावर घाई केलेली नाही. आपल्याकडे यालाच आलाप म्हणतात ना?

‘फिस्टफुल’, ‘फॉर अ फ्यू’ आणि ‘द गुड, द बॅड’ या डॉलर्सच्या तिन्ही सिनेमांत बाईला जागा किती? दोन-चार मिनिटं. कुणाची बायको, कुणाची बहीण, कुणाची शिकार. जी काही बाई त्या जगात आहे ती या आवाजात आहे, आणि तिलाही शब्द दिलेले नाहीत. मला हे संगीत आवडतं आणि या गोष्टीचा त्रासही होतो. दोन्ही खरं आहे.

रानवारा

शब्द चुकला, मागे घेतो. पण आलाप वगैरे नका आणू. आलाप रागाच्या चौकटीत वाढतो, गाणारा तिथल्या तिथे घडवतो. इथे बाईंच्या समोर लिहिलेली स्वरलिपी होती, त्यातला एक सूर इकडचा तिकडे नाही. आपल्या गोष्टी सगळीकडे चिकटवायची सवय वाईट.

निशिगंध

लिहिलेलं असलं म्हणून श्वास लिहिलेला नसतो. कधी गाऊन बघा.

म्हापसेकर

इतका वेळ गप्प बसलो होतो. निशिगंधताईंनी निदान एका माणसाचं नाव तरी घेतलं.

सगळेजण ‘मोरिकोनेची शिट्टी, मोरिकोनेची शिट्टी’ करताय. मोरिकोनेने शिट्टी मारली नाही. ती अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांची. गिटारही त्यांची, आणि ज्या गायकवृंदाचे हुंकार तुम्हाला आठवतात तो ‘कान्तोरी मोदेर्नी’ही त्यांचाच, देल’ओर्सो त्याच वृंदातल्या. ‘वन्स अपॉन’मधला हार्मोनिका फ्रांको दे जेमिनी यांचा. २०१७ मध्ये अलेस्सांद्रोनी गेले तेव्हा किती जणांना कळलं? मोरिकोने गेले ६ जुलै २०२० ला, तेव्हा मराठी पेपरातसुद्धा आलं.

हे मला टोचतं, कारण आमच्या घरात हे घडलंय. माझा मामा ट्रम्पेट वाजवायचा. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत पाद्रींकडे सोलफेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं, शिकला, पोर्तुगीज काळात आमच्याकडे पोरगं अक्षरं गिरवायच्या बरोबरीने सूर वाचायला शिकायचं. पन्नासच्या दशकात मुंबईला गेला, धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या गावकीच्या खोलीत, पथारी टाकली आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायला लागला. त्या काळातली गाणी लागली की तो एका ठिकाणी बोट वर करायचा, “हांव.” मी. बस. पडद्यावर नाव कधी नाही. शिफ्टचे पैसे घ्यायचे, सही करायची, घरी. एका संगीतकाराने (नाव लिहीत नाही) मामाने तिथेच सुचवलेला चार मात्रांचा तुकडा ठेवला, आणि पुढे मुलाखतींतून तो आपल्याला पहाटे कसा सुचला ते सांगत राहिला.

संयोजक सबॅस्टियन डिसोझा नसते तर शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांचं तेच संगीत आपल्याला तसं ऐकू आलं असतं का? माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव लोकांना माहीत झालं ते एका विनोदी गाण्यामुळे. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, हे किती जणांना ठाऊक आहे? चिक चॉकलेट आल्डोण्याचे, फ्रँक फर्नांड कुडचड्याचे, तेही असेच आमचे वाजवणारे. ‘थोर संगीतकार’ म्हणून एकाच माणसाला मखरात बसवायचं थांबवा.

सातारकर

म्हापसेकर, तुमच्या मामांबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण हा दाखला इथे बसत नाही. मुंबईत चाल एकाची आणि साज दुसऱ्याचा अशी वाटणी होती. हॉलिवूडमध्येही संगीतकार रूपरेषा लिहायचा आणि वाद्यवृंदासाठी मांडणारे वेगळे लोक असायचे. मोरिकोनेने ते कधीच मान्य केलं नाही. प्रत्येक वाद्याचा प्रत्येक सूर तो स्वतः लिहायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. कारण तो मुळात संयोजकच होता. तुमच्या भाषेत, तोच आपला सबॅस्टियन. मखरात बसवलाय तो संयोजकच आहे.

म्हापसेकर

तुम्ही मी लिहिलेलं वाचलंतच नाही. कागदावर ‘शिट्टी’ लिहिल्याने शिट्टी वाजत नाही. तिच्यात ती एकटेपणाची थरथर कुणी आणली? कागदाने? मोरिकोने स्वतः ट्रम्पेटवाला, ट्रम्पेटवाल्याचा मुलगा. युद्धाच्या दिवसांत रोममध्ये सैनिकांसमोर वाजवून पोट भरलेला. त्याला वाजवणाऱ्याची किंमत नक्की माहीत असणार. त्याच्या भक्तांना नाही.

सातारकर

‘भक्त’ हा शब्द अनावश्यक. मी दोन दिवस खपून लिहिलंय.

म्हापसेकर

माझा मामा चाळीस वर्षं खपला.

कोरा कागद

शांत व्हा दोघंही. म्हापसेकरांचं पटतंय म्हणून लिहितो. ‘शोले’ (१९७५) घ्या. जयचा माउथ ऑर्गन, ज्याने आपल्या पिढीला वेड लावलं, तो भानू गुप्ता यांनी वाजवलाय. आम्ही शाळेत तो अमिताभच वाजवतो असं समजायचो, मी तर त्यासाठी जत्रेतून दहा रुपयांचा माउथ ऑर्गन आणला होता. भानूदांचं नाव मला कळलं चाळिशीत.

रानवारा

आता ‘शोले’ आलाच आहे तर बोलू. तो तुमच्या मोरिकोने-लिओनेचा सरळसरळ उसनवार कारभार. माउथ ऑर्गन तिथला, कुटुंबाची हत्या तिथली. आणि ‘मेहबूबा मेहबूबा’ची चाल डेमिस रूसोस या ग्रीक गायकाच्या गाण्याची. इथे सगळे एकमेकांच्या खिशात हात घालून उभे आहेत आणि मी नक्कल म्हटलं की राग येतो.

कोरा कागद

‘मेहबूबा’बद्दल काही बोलत नाही, ते तसंच आहे. पण बाकीचं ऐकून घ्या, कारण ‘शोले’ माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. त्यातला गाडीवरच्या हल्ल्याचा प्रसंग पनवेलच्या बाजूला चित्रित झाला, माझे एक काका तेव्हा तिकडे नोकरीला होते, सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन बघायला जायचे.

‘वन्स अपॉन’मधला हार्मोनिका म्हणजे सूड. लहान मुलाच्या तोंडात तो कोंबलाय, खांद्यावर गळ्यात फास असलेला थोरला भाऊ उभा, आणि पोराचा दम संपला की भाऊ मरणार. म्हणून ते सूर असे घुसमटलेले आहेत, दोन-तीन सुरांच्या बाहेर जातच नाहीत, आणि मग इलेक्ट्रिक गिटार करवतीसारखी येते. ‘शोले’तला माउथ ऑर्गन म्हणजे एका विधवेला दुरून, काही न बोलता केलेली सोबत. ती वरच्या गॅलरीत एकेक दिवा मालवत जाते, हा खाली पायरीवर बसून वाजवतो. वाद्य तेच आहे आणि अर्थ पूर्ण उलटा. याला उचलेगिरी नाही म्हणत.

आणि हत्येचा प्रसंग. तिकडे गोळीबाराच्या आधी रातकिडे एकदम गप्प होतात. इकडे सगळं संपल्यावर रिकाम्या झोपाळ्याची करकर ऐकू येते. झोपाळा फक्त आपल्याच अंगणात असतो. ‘शोले’चे संगीतकार पंचम यांनी शांतता घेतली असेल तिथून, पण ती आपल्या घरात आणून टांगली.

रानवारा

झोपाळ्याचा मुद्दा चांगला आहे. मान्य करायला जड जातंय, पण चांगला आहे.

फक्त मग हाच न्याय टिओम्किनला का नाही? तो जन्मला युक्रेनमधल्या क्रेमेनचुकला, शिकला सेंट पीटर्सबर्गला. संगीतकार कॉपलँड ब्रुकलिनमधल्या स्थलांतरिताचा मुलगा, त्याने ‘बिली द किड’ या बॅलेचं संगीत लिहिलं १९३८ मध्ये. या लोकांनीही दुसऱ्याचं माळरान आपल्या घरात आणलं. १९५५ च्या ऑस्कर सोहळ्यात टिओम्किनने ब्राम्स, बीथोव्हन, वाग्नर यांचे आभार मानले होते. तेवढा प्रांजळपणा मला मोठा वाटतो.

डेक्कन क्वीन

अहो, मग नकळत तुम्हीच सातारकरांचा मुद्दा सिद्ध केलात. अमेरिकन माळरानाचं ‘खरं’ संगीत युक्रेनमधून आलेल्या माणसाने दिलेलं चालतं, मग रोमच्या माणसाचं का चालत नाही? मोरॉसचं आकाश हे वसवायला आलेल्यांचं आकाश आहे, जमीन आपली झाली याचा आनंद. मोरिकोनेचं वाळवंट तर मुळात स्पेनमधल्या अल्मेरियाचं. तिथे जमीन कुणाचीच नाही, फक्त कबरी आहेत. तुमची छाती तिथे रुंद होत नाही, कारण व्हायचीच नाही.

रानवारा

‘वसवायला आलेल्यांचं आकाश’ हे राजकारण झालं, संगीत नाही. माझ्या छातीचं मला ठरवू द्या.

निशिगंध

एक वस्तुस्थिती. मोरिकोनेच्या चारशेहून अधिक चित्रपटांत वेस्टर्न तीस-पस्तीसच असतील. लोक त्याला त्यातच कोंबतात याचा त्याला वैताग होता, इटालियन वेस्टर्नना चिकटवलेला ‘स्पगेटी वेस्टर्न’ हा शब्द तर अजिबात खपायचा नाही. ‘द मिशन’ला (१९८६) ऑस्कर हुकलं, २००७ मध्ये मानद दिलं, आणि स्पर्धेतलं मिळालं ते थेट ८७ व्या वर्षी, ‘द हेटफुल एट’साठी. म्हणजे पुन्हा वेस्टर्नच. तिथे शिट्टी नाही, ‘बसून’ हे खर्जातलं फुंकवाद्य आहे, बर्फ आहे, धमकी आहे.

म्हापसेकर

‘बसून’ म्हणजे वाजवणारं कुणीतरी आलंच.

सातारकर

म्हापसेकर, रात्री विचार केला. तुमचा मुद्दा मी टाळला होता. माझ्या पूर्ण लेखात अलेस्सांद्रोनींचं नाव एकदाही नाही, देल’ओर्सोंचं नाही. शिट्टीच्या बाजूने एवढं भांडलो आणि शिट्टी मारणाऱ्याला विसरलो. ही चूक आहे. पण संगीत मोरिकोनेचंच, यावरून मी हलणार नाही. त्याच माणसाला त्याच शिट्टीसह दुसऱ्या संगीतकाराकडे उभं करा, ‘फिस्टफुल’ होणार नाही.

आणखी एक ध्यानात आलं. ‘फिस्टफुल’वर मोरिकोनेचंही खरं नाव नव्हतं. इटालियन माल अमेरिकन वाटावा म्हणून त्याला ‘डॅन सॅव्हिओ’ केलं होतं, लिओनेला ‘बॉब रॉबर्टसन’.

म्हापसेकर

पुढे त्याला त्याचं नाव परत मिळालं. एवढाच फरक आहे. पण चूक कबूल केलीत, ठीक आहे.

बँडवाल्याचा मुलगा

नवीन आहे, पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील मिरजेकडे लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. १९८० च्या सुमारास कुणीतरी कॅसेट आणून दिली, ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची सुरावट. मूळ नव्हती, नंतर कळलं की ती ह्यूगो मॉन्टेनेग्रो या अमेरिकन संयोजकाची आवृत्ती, जी १९६८ मध्ये अमेरिकेत दुसऱ्या नंबरवर गेली होती. (रानवारा काका, तुमच्या डोक्यातला रिंगटोन बहुतेक तिथूनच आलाय.) वडिलांनी ती कानाने बसवली. वरात मांडवाच्या दारात आली की वाजवायचे. सिनेमा कुणी पाहिला नव्हता. मुलीकडचे लोक एकदम गप्प व्हायचे.

ते म्हणायचे, जलद वाजवणं सोपं, बोटं पळवायची. हे लांब सूर धरायला ओठात जीव लागतो.

रानवारा

बाळा, चांगलं लिहिलंस. मॉन्टेनेग्रोचं बरोबर असेल, माझ्याकडे जी रेकॉर्ड होती तिच्यावर त्याचंच नाव होतं. म्हणजे मी इतकी वर्षं ज्याच्यावर चिडतोय ती सुरावट मोरिकोनेची असली तरी तो साज त्याचा नव्हता, एवढं लिहून देतो.

काल ‘द ग्रेट सायलेन्स’चं संगीत ऐकलं, पडद्याशिवाय. दोनदा. शीर्षकाचा भाग पडद्याशिवाय उभा राहतो. त्याहून जास्त आज कबूल करत नाही. मोरॉस माझ्यासाठी अजून वर आहे आणि राहील. पण ‘शिट्टी आणि चाबूक’ हे वाक्य काढून टाकतो.

तुझे वडील आहेत का? ‘फिस्टफुल’च्या शेवटाला ट्रम्पेट जो वाजलाय, तो त्यांना ऐकव आणि काय म्हणतात ते सांग. मला ट्रम्पेटवाल्याकडून ऐकायचंय.

बँडवाल्याचा मुलगा

आहेत. वय ७८. दातांमुळे वाजवणं सुटलं.

आज संध्याकाळी मोबाइलवर लावून दिलं, कानाला हेडफोन. चित्र दाखवलं नाही. डोळे मिटून ऐकलं, उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर हलत होती. मध्येच म्हणाले, परत लाव. लावलं. म्हणाले, “हा सुराला धक्का देत नाही. आधी जरा खालून हलवतो, मग त्यावर बसतो. आणि शेवटचा सूर सोडायच्या आधी दम शिल्लक ठेवलाय बघ.”

मी विचारलं, कुणाचं आहे माहीत आहे का? म्हणाले, लिहिणाऱ्याचं सोड, वाजवतंय कोण?

म्हापसेकर काकांमुळे मी दुपारीच शोधून ठेवलं होतं. मिकेले लाचेरेन्झा. त्यांना एका दमात येईना. दोनदा म्हणायला लावलं, मग टेबलावरच्या कॅलेंडरच्या मागे माझ्याकडून लिहून घेतलं.